सातबाऱ्याचा रकाना आणि संगणकाचा व्हेरिएबल: मुळशीच्या जमिनीची नोंद

१/
पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी आहे. तेथील माहिती तंत्रज्ञान उद्यानात रोज हजारो लोक संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. त्याच तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत, मुळशी धरणाचा जलाशय पसरला आहे आणि त्याच्या तळाशी शंभर वर्षांपूर्वीची भातखाचरे आहेत. या दोन टोकांना जोडणारी वस्तू अगदी साधी आहे: कागदावरचा रकाना. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी भेटणारे ‘व्हेरिएबल’ व ‘डेटा टाइप’ आणि शेतकऱ्याने पेटीत जपून ठेवलेला सातबारा यांच्यामागे एकच कल्पना आहे. या धाग्यात त्या कल्पनेची ओळख आहे, आणि मुळशीच्या इतिहासात तिने काय टिपले व काय सोडून दिले याचा शोधही.

२/
प्रथम व्हेरिएबल. व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेली जागा, जिच्यात एक मूल्य ठेवता येते. संगणकाच्या स्मृतीत अशा असंख्य जागा असतात. प्रोग्रॅम लिहिणारा त्यांतील काहींना नावे देतो. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर:

भोगवटादार = "विठू"
क्षेत्र = ०.४०
झाडे = ३

डावीकडे जागेचे नाव, उजवीकडे त्या क्षणीचे मूल्य. मधले चिन्ह गणितातील ‘बरोबर’ नव्हे. ‘उजवीकडचे मूल्य डावीकडच्या जागेत ठेव’ अशी ती आज्ञा आहे. विठूच्या मागे त्याची मुलगी वारस झाली की ‘भोगवटादार’ हे नाव तसेच राहते, आतील मूल्य तेवढे बदलते. म्हणूनच मराठी गणिताच्या पुस्तकांत अशा राशीला ‘चल’ म्हणतात.

३/
आता डेटा टाइप. एखाद्या रकान्यात कोणत्या जातीचे मूल्य बसेल आणि त्यावर कोणती क्रिया करता येईल, हे डेटा टाइप ठरवतो. नाव हा मजकूर आहे. त्याला दोनने भागता येत नाही. झाडांची संख्या पूर्णांक असते. तीन झाडे असतात, सव्वातीन नसतात. क्षेत्र अपूर्णांकात येऊ शकते. ‘प्रलंबित फेरफार आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच दोन उत्तरे आहेत. मजकूर, पूर्णांक, दशांश अपूर्णांक आणि हो-नाही हे चार मूलभूत प्रकार नवशिक्याला पुरेसे आहेत. सी किंवा जावा यांसारख्या भाषांत रकान्याचा प्रकार आधीच जाहीर करावा लागतो, जणू छापील नमुनाच. पायथनमध्ये मूल्य पाहून प्रकार ठरतो. मात्र प्रकार असतोच. तो कोणीतरी ठरवलेला असतो.

४/
महाराष्ट्रात जमिनीसाठी असे प्रकार इंग्रजांच्या आधीही ठरवले गेले होते. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली झालेल्या जमीनमोजणीत पाच हात पाच मुठींची काठी प्रमाण मानली गेली. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर, अशी ती उतरंड होती. ‘तीन बिघे पाच पांड’ ही एक राशी आहे, पण ती दोन वेगळ्या आकड्यांनी बनलेली आहे आणि त्या दोहोंत वीसपटीचे नाते आहे. संगणकशास्त्रात अशा जोडमूल्यासाठी वेगळा प्रकार रचावा लागतो. साधा दशांश अपूर्णांक तेथे चालत नाही. ही अडचण पुढे किती महागात पडू शकते, ते सातव्या व आठव्या भागांत येईल.

५/
पेशवाई संपल्यावर पुणे जिल्ह्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२४ ते १८२८ या काळात मोजणी केली. प्रत्येक प्रकारच्या मातीतून किती पीक येते, त्यावर किती खर्च होतो आणि शेवटी निव्वळ उत्पन्न किती उरते, हे आकड्यांत बसवून त्यावर सारा ठरवण्याचा त्याचा प्रयत्न होता. कागदावर ही योजना अतिशय काटेकोर होती. परंतु रकान्यांत भरलेले आकडे शेतातील वास्तवाशी जुळत नव्हते. आकारणी जड झाली, थकबाकी साचली आणि कित्येक शेतकरी जमिनी टाकून गेले. ज्या मूल्याचे खरे मोजमापच उपलब्ध नाही, त्यासाठी सूक्ष्म दशांशांचा रकाना आखला तर आकडा सुबक दिसतो, पण खरा होत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही हा धडा नेहमी नव्याने शिकावा लागतो.

६/
१८३५पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्या मोजणीला आरंभ केला. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हट्ट सोडला व मातीचे नऊ वर्ग ठरवले. प्रत्येक वर्गाचे सापेक्ष मूल्य आण्यांत होते: सोळा, चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि दोन. मातीची खोली व तिच्यातील दोष पाहून शेताचा वर्ग ठरे. रकान्यात भरायचे मूल्य या नऊंपैकीच एक. दहावे उत्तर नाही. संगणकाच्या भाषांत ठरावीक पर्यायांच्या अशा प्रकाराला ‘एनम’ म्हणतात. १८४७च्या संयुक्त अहवालात या मोजणीचे नियम पक्के झाले आणि मुंबई इलाख्याच्या मोठ्या भागात तीच पद्धत रूढ झाली. त्याच १८४७ साली जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने तर्काला बीजगणिताचे रूप देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. संगणकातील हो-नाही या प्रकाराला आजही त्याच्याच नावावरून ‘बूलियन’ म्हणतात.

७/
या मोजणीने महाराष्ट्राच्या बोलीत एक शब्द कायमचा रुजवला: गुंठा. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. लांबी-रुंदीला एकेक साखळी भरेल तो गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एका गुंठ्याचे पुन्हा सोळा आणे. एकर आणि गुंठे यांच्यामध्ये टिंब किंवा आडवी रेघ देऊन क्षेत्र लिहिले जाई. माणसाच्या डोळ्याला १.३० याचा अर्थ ‘एक एकर तीस गुंठे’ हे कळते, कारण त्यामागची रीत त्याला ठाऊक असते. यंत्राला ती रीत सांगितली नाही, तर ते टिंबाला दशांश चिन्ह समजते.

८/
उदाहरण घेऊ. एका भावाकडे १ एकर ३० गुंठे, दुसऱ्याकडे २५ गुंठे. एकत्र क्षेत्र किती? पहिल्याचे ७० गुंठे, दुसऱ्याचे २५. बेरीज ९५, म्हणजे २ एकर १५ गुंठे. आता हेच आकडे दशांश प्रकारच्या रकान्यात १.३० आणि ०.२५ असे भरले तर यंत्र १.५५ असे उत्तर देईल. १.५५ एकर म्हणजे ६२ गुंठे. तेहतीस गुंठे बेरजेतून नाहीसे झाले! दुसरा सापळा याहून बारीक आहे: ‘१ एकर ५ गुंठे’ कोणी १.५ असे लिहिले, तर वाचणारा त्याला दीड एकर समजेल, म्हणजे पंधरा गुंठे वाढतील. यंत्राने दोन्ही वेळा बेरीज अचूकच केली असती. चूक आकड्यांत नाही, प्रकारात आहे.

९/
मेट्रिक पद्धतीत क्षेत्र हेक्टर व आर यांत आले. शंभर आरांचा हेक्टर असल्याने चाळीसपटीचा गुंता सुटला. परंतु सातबाऱ्यावर क्षेत्र ‘हेक्टर.आर.चौरस मीटर’ असे लिहितात. एक एकर म्हणजे ०.४०.४७. या राशीत दोन टिंबे आहेत. कोणतीही संगणकभाषा तिला थेट संख्या मानणार नाही. तिचे तीन भाग वेगळे करून चौरस मीटर करावे लागतात. तसेच व्यवहारात ‘गुंठा म्हणजेच आर’ असे सर्रास म्हटले जाते. आर शंभर चौरस मीटरांचा, तर गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरांचा. एका गुंठ्यात हा फरक जाणवत नाही. एकरभर जमिनीत तो जवळपास ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फुटांहून थोडा अधिक होतो. हिंजवडीजवळच्या जमिनीत पाचशे चौरस फूट ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही.

१०/
याउलट, आकड्यांसारखे दिसणारे सर्वच मूल्य संख्या नसते. ‘४२/२/अ’ हा भूमापन क्रमांक व हिस्सा पाहा. बेचाळीसला दोनने भागून येथे काहीच हाती लागत नाही. तो मजकूर आहे. खाते क्रमांकात तर केवळ अंकच असतात, तरी दोन खाते क्रमांकांची बेरीज निरर्थक ठरते. नवशिक्यासाठी साधी कसोटी अशी: ज्यावर बेरीज-वजाबाकी करण्याला अर्थ आहे, ती संख्या, बाकीचे मजकूर समजावे. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. म्हणजे जमीन तीच राहिली आणि व्हेरिएबलचे नाव बदलले. जुन्या व नव्या नावांचा मेळ घालणारा तक्ता हाती नसेल, तर आजोबांच्या कागदावरील शेत नातवाला कागदावर सापडत नाही.

११/
पैशाचेही असेच होते. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. एका रुपयाच्या १९२ पै. सारा ‘२-८-०’ असा लिहिलेला असेल तर तो दोन रुपये आठ आणे, म्हणजे अडीच रुपये. ही पद्धत आज किचकट वाटते, पण तिचा एक गुण होता: एक रुपया तीन वारसांत वाटला तर प्रत्येकाला बरोबर पाच आणे चार पै येत. शंभर पैशांच्या रुपयाचे तीन समान भाग होत नाहीत. एक पैसा उरतोच. संगणकही असाच अडतो. तो अपूर्णांक दोनच्या पटींत साठवतो, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज अनेक भाषांत नेमकी ०.३ येत नाही. शेवटी एक बारीकशी शेपटी उरते. यासाठी पैशाचे हिशेब दशांशांत न ठेवता पैशांच्या पूर्णांकांत ठेवण्याची पद्धत आहे.

१२/
व्हेरिएबल आणि सातबारा यांत एक महत्त्वाचा भेदही आहे. संगणकात जागेत नवे मूल्य ठेवले की जुने पुसले जाते. प्रोग्रॅमला मुद्दाम सांगितले नसेल तर आधी तेथे काय होते, हे त्याला आठवत नाही. महसुली दप्तर असे विसरत नाही. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणीला प्रारंभ झाला आणि १९१३मध्ये ती व्यवस्था जमीन महसूल संहितेत आली. वारसा, खरेदी, गहाण अशा प्रत्येक बदलाची नोंद फेरफाराच्या वहीत क्रमांकासह होते. जुन्या नावाला कंस करून नवे नाव लिहिले जाते. त्यामुळे कंसातील नावे उलट्या क्रमाने वाचत गेले की एका शेताच्या पिढ्या उलगडतात. इतिहासाच्या अभ्यासकाला फेरफारांचे मोल वाटते ते यासाठीच.

१३/
पण दप्तराला आठवते ते रकान्यात भरलेले मूल्य. रकानाच नसेल तर? १९१३च्या त्या तरतुदीत हक्कनोंदणीत कोणाची नावे असावीत हे सांगितले आहे: जमिनीचे धारक, भोगवटादार, मालक, गहाणदार. आणि त्या यादीलाच एक मर्यादा जोडलेली आहे: कुळांखेरीज. जो पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसतो, परंतु जिचा मालक दुसरा आहे, त्याचे नाव या मूळ यादीत नव्हते. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, कूळ हे व्हेरिएबल जाहीरच केलेले नव्हते. त्यात चुकीचे मूल्य भरले गेले असे म्हणता येत नाही. मूल्य ठेवायला जागाच नव्हती. याचा अर्थ काय होतो, हे आठ वर्षांनी मुळशीच्या खोऱ्यात दिसले.

१४/
पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज हवी होती. टाटा पॉवर कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी घाटाखाली भिरा येथे उतरवण्याची योजना आखली. खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे होती, डोंगरउतारावरील वरकस जमीन होती. जमिनी रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच तेथे चाचणीचे खड्डे खणले जाऊ लागले आणि मावळ्यांत असंतोष पसरला. १६ एप्रिल १९२१, शके १८४३ची रामनवमी. त्या दिवशी सुमारे बाराशे मावळे, बायकामुलांसह, धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती.

१५/
१८९४च्या भूसंपादन कायद्यापाशी या प्रश्नाचे उत्तर तयार होते: जमिनीचा बाजारभाव आणि सक्तीच्या संपादनाबद्दल त्यावर १५ टक्के. हे उत्तर संख्या या प्रकारचे आहे. खोऱ्यातील अनेक जमिनी पुण्यातील सावकार-जमीनदारांच्या नावे होत्या आणि कसणारे मावळे त्यांची कुळे होती. ज्यांची नावे मालकाच्या रकान्यात होती, त्यांना ही संख्या मान्य होण्याजोगी होती. त्यांच्यापैकी बहुतेकांनी मोबदल्याची वाट धरली. कसणाऱ्यांचा आग्रह मात्र जमिनीचाच होता. लढ्यात येथेच फूट पडली. एकाच शेताबद्दल दोन माणसे बोलत होती. एकाच्या दृष्टीने त्याचे मूल्य रुपयांत मांडता येत होते, दुसऱ्याच्या दृष्टीने ते गाव, ग्रामदैवत आणि पुढच्या वर्षीचे भात असे होते. दुसऱ्या उत्तरासाठी नमुन्यात रकाना नव्हता.

१६/
विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी कुळांची बाजू सोडली नाही. काही काळ थांबलेला सत्याग्रह १९२१च्या अखेरीस पुन्हा उभा राहिला. अटका झाल्या, शिक्षा झाल्या. बापटांनी शेवटी सशस्त्र प्रतिकाराचा मार्ग घेतला. डिसेंबर १९२४मध्ये त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ‘सेनापती’ हे बिरुद त्यांना मुळशीनेच दिले. १९२७मध्ये भिऱ्याहून वीज वाहू लागली. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या उपशीर्षकात या लढ्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे.

१७/
येथे नवशिक्याला एक अवघड कल्पना समजून घेता येईल: शून्य, कोरे आणि नसलेले यांतील भेद. झाडांच्या रकान्यात ‘०’ असेल तर कोणीतरी शेतात जाऊन पाहिले आणि झाड नव्हते. रकाना कोरा असेल तर पाहिले की नाही, हेच कळत नाही. सरकारी कचेरीत यासाठी ‘निरंक’ असा नेमका शब्द आहे: विचारणा झाली आणि सांगण्यासारखे काही नाही, असे त्यातून कळते. संगणकभाषांत मूल्य नसल्याची खूण ‘नल’ या नावाने होते; ती आणि शून्य एक मानल्याने कितीतरी हिशेब फसतात. परंतु तिसरी अवस्था या दोहोंपलीकडची आहे. रकानाच आखलेला नसतो, तेव्हा शून्यही दिसत नाही, कोरी जागाही दिसत नाही. कागद पूर्ण भरलेला दिसतो.

१८/
आता १९५७ साली यावे. त्या वर्षी एप्रिलमध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोर्ट्रान ही भाषा ग्राहकांच्या हाती पडू लागली. तिच्यात नियम होता की इंग्रजीतील आय ते एन या अक्षरांपैकी एकाने सुरू होणारे व्हेरिएबल पूर्णांकाचे समजावे, इतर अपूर्णांकांचे. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. देशातील प्रत्येक खतावणीतील पैशाच्या रकान्याचा प्रकार त्या दिवशी बदलला. आणि नेमक्या त्याच दिवशी मुंबई राज्यात आणखी एक बदल घडला, ज्याचा संबंध थेट मुळशीच्या प्रश्नाशी आहे.

१९/
१९४८च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यात १९५६मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तिच्या कलम ३२नुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कायद्यातील अटींत बसणाऱ्या कुळांनी त्या दिवशी आपण कसत असलेली जमीन खरेदी केली असे मानले जाईल, अशी तरतूद झाली. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा रकान्याच्या भाषेत आली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १४८मध्ये हक्कनोंदणीत कुळांची नावे स्पष्टपणे समाविष्ट झाली, आणि गावच्या दप्तरात कूळवहिवाटीसाठी ‘गाव नमुना सात-अ’ हा स्वतंत्र नमुना आहे. व्हेरिएबल जाहीर झाले. परंतु मुळशीच्या जलाशयाखालील शेतांसाठी तो १ एप्रिल उगवला, तेव्हा त्यांच्यावर तीस वर्षांचे पाणी होते. नव्या रकान्यात लिहिण्यासाठी तेथे कसणारा उरला नव्हता आणि शेतही नव्हते.

२०/
त्यानंतर हे रकाने यंत्रात गेले. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. सप्टेंबर २०२०मध्ये त्याचा नमुना सुधारला, आणि ते बदल डेटा टाइपच्या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. शेतीचे क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये आणि बिनशेतीचे आर-चौरस मीटरमध्ये दाखवायचे ठरले. खाते क्रमांक खातेदाराच्या नावासोबत आला. रद्द झालेल्या नोंदींना कंसासह आडवी रेघ आली. आणि फेरफार प्रलंबित नसेल तर तसे स्पष्ट शब्दांत छापले जाऊ लागले. कोरी जागा ठेवून वाचणाऱ्याला तर्क करायला लावण्यापेक्षा ‘नाही’ असे लिहिणे, हा बूलियनचा योग्य वापर आहे.

२१/
२०१३च्या नव्या भूसंपादन कायद्यानेही रकाने वाढवले. बाधित कुटुंब कोणते, याच्या व्याख्येत आता जमिनीच्या मालकासोबत त्या जमिनीवर उपजीविका असलेली कुळे व शेतमजूर यांनाही, ठरावीक अटींवर, स्थान आहे. १९२१मध्ये मावळ्यांनी धरणाच्या जागी बसून जो प्रश्न मांडला होता, त्याच्या उत्तराचा काही भाग असा ब्याण्णव वर्षांनी व्याख्येत आला. व्याख्या आणि अंमलबजावणी यांतील अंतर हा वेगळा विषय आहे. मात्र इतके निश्चित की ज्याची नोंद करण्याची सोय आहे, त्याबद्दल किमान विचारणा करता येते, दाद मागता येते.

२२/
प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्यांनी पहिला सराव म्हणून एक छोटा सातबारा करून पाहावा. भूमापन क्रमांकाला मजकूर हा प्रकार द्यावा. क्षेत्र चौरस मीटरच्या पूर्णांकांत ठेवावे आणि दाखवताना हेक्टर-आरमध्ये फोडावे. सारा पैशांत ठेवावा. प्रलंबित फेरफारासाठी हो-नाही हा प्रकार वापरावा. फेरफारांची यादी ठेवावी, म्हणजे नवे नाव लिहिताना जुने पुसले जाणार नाही. प्रोग्रॅम चालला, बेरजा बरोबर आल्या, म्हणजे अर्धे काम झाले. मग व्हेरिएबलांच्या नावांची यादी पुन्हा वाचावी आणि त्यात ‘कसणारा’ हे नाव आहे का, ते पाहावे.